कोंडा म्हशीला, कॅप्सूल आम्हाला

माणसाच्या शरीराला तेरा जीवनसत्त्वं लागतात. ती भाजी, भाकरी, डाळी, दूध, अंडी, मासे, फळं आणि ऊन यांतून मिळतात, आणि नेमकी हीच फार दिवस त्यांची अडचण होऊन बसली होती. इतकी मोलाची वस्तू कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गोणपाटावर पडलेली असावी, तिच्यावर मधूनमधून पाणी शिंपडलेलं असावं, आणि 'घ्या हो ताई, दोन जुड्या तीसला देते' असं म्हणत ती कुणाच्याही पिशवीत कोंबली जावी, हे शास्त्राला आणि प्रतिष्ठेला, दोहोंनाही शोभणारं नव्हतं. जिला सील नाही, बॅच नंबर नाही, 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका' अशी ताकीद नाही, त्या मेथीवर सुशिक्षित माणसाने भरवसा ठेवायचा तरी कसा?

सुदैवाने माणूस हुशार निघाला. त्याने जेवणातली जीवनसत्त्वं आधी एकेक करून बाहेर काढली आणि मग तीच डबीत भरून, वर कापसाचा बोळा घालून, स्वतःच विकत घेतली. याला काही नतद्रष्ट लोक द्राविडी प्राणायाम म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. समोरचं नाक समोरून कुणीही धरेल. डोक्यामागून हात फिरवून धरायला पिढ्यान्‌पिढ्यांची साधना लागते.

या साधनेचा पाया तांदळाने घातला. साळीचं तूस काढलं की आत तांबूस-तपकिरी साल असते. बी-१ म्हणजे थायामिन, ते बहुतेक या सालीत आणि दाण्याच्या टोकाशी असलेल्या कोंबात. उखळात हाताने सडलेल्या तांदळावर ही साल बरीचशी शिल्लक राहायची. असा तांदूळ दिसायला मळकट, शिजायला वेळखाऊ, आणि सालीतल्या तेलामुळे लवकर खवट होणारा. एकोणिसाव्या शतकात वाफेवरच्या गिरण्या आल्या आणि दाणा पांढराशुभ्र होऊन बाहेर पडू लागला. कोंडा म्हशीच्या आंबोणात गेला. म्हशीने याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

गिरणीमागोमाग पूर्व आशियात बेरीबेरी पसरली. पाय बधिर होतात, मग लुळे पडतात, अंगावर सूज चढते आणि शेवटी हृदय दमतं. डच सरकारने जावा बेटावर याचा तपास लावायचं ठरवलं. तो काळ जंतूंचा होता. कुठलाही रोग असो, त्यामागे जंतू असणारच, फक्त तो सापडायचा बाकी, अशी सगळ्यांची खात्री होती. ख्रिस्तियान आइकमान हे डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, प्रयोगासाठी कोंबड्या पाळून तो जंतू शोधत बसले. कोंबड्या आजारी पडल्या, लंगडू लागल्या. आणि एके दिवशी, काही उपचार न करता, बऱ्याही झाल्या. चौकशी केल्यावर कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने सांगितलं, लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्यांच्या नशिबी पुन्हा साधा, सालीसकटचा तांदूळ आला आणि त्या चालू लागल्या.

रेशनच्या खिडकीपाशी 'हा फॉर्म इथे नाही, वरच्या मजल्यावर' हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे त्यांनी या आचाऱ्याला मनोमन नमस्कार करावा. नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसाने विज्ञानाची याहून मोठी सेवा केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. १९२९ सालचं नोबेल आइकमान यांना मिळालं, इंग्लंडच्या हॉपकिन्स यांच्याबरोबर विभागून. आचाऱ्याला नाही.

जपान्यांनी तर या बाबतीत आपल्यालाही मागे टाकलं. १८८२ साली र्‍युजो हे त्यांचं आरमारी प्रशिक्षण जहाज लांबच्या सफरीवर निघालं. जहाजावर ३७६ माणसं होती. त्यांतल्या १६९ जणांना बेरीबेरी झाली आणि २५ दगावली. ताकाकी कानेहिरो या आरमारी वैद्याने पुढच्या जहाजाला त्याच मार्गाने पाठवलं, फक्त जेवण बदललं: मांस, पाव, दूध. रुग्ण मोजके निघाले, मृत्यू एकही नाही. पुढे आरमारात भातात सातू मिसळू लागले आणि तिथून रोग जवळजवळ नाहीसा झाला. इतका सोपा उपाय पाहून जपानचं लष्कर साहजिकच संशयात पडलं. सैनिकाला पांढरा भात म्हणजे मान. खेड्यातली पोरं त्या भाताच्या आशेने भरती होत. त्यांच्या ताटात गरिबाचा सातू वाढायचा? शिवाय लष्कराचे डॉक्टर जर्मनीत शिकून आलेले. त्यांत मोरी ओगाईही होते, जे जपानचे मोठे कादंबरीकार म्हणूनही ओळखले जातात. जर्मन शास्त्र सांगत होतं की रोग जंतूंमुळे होतात, आणि सातू हा काही जंतू मारत नाही. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात जपानी लष्कराची सुमारे २७,००० माणसं बेरीबेरीने गेली. एका सिद्धान्ताची बूज राखायला एवढी माणसं खर्ची घालायची तयारी आजच्या फिटनेस प्रशिक्षकांमध्येसुद्धा दिसत नाही.

आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात मात्र लोक मागासलेले राहिले. त्यांनी साळ आधी उकडली, मग वाळवली आणि मग भरडली. उकडताना सालीतलं बी-१ दाण्याच्या आत शिरतं, त्यामुळे मागून साल गेली तरी बरंचसं हाती राहतं. हे त्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं शास्त्र उकड्या तांदळाच्या पेजेपाशी संपायचं. पण सुधारणा कुणासाठी थांबत नाही. सावंतवाडीपासून पणजीपर्यंत आता पाहुणे आले की पांढरा भात रांधतात, उकडा घरच्यांना आणि आजाऱ्याला. कोंड्याचा मांडा करून संसार रेटणाऱ्या आज्यांचं आपण भाषणांत तोंडभरून कौतुक करतो, ते त्या आता स्वयंपाक करत नाहीत म्हणूनच शक्य होतं.

आता या साधनेचं सरकारी पर्व. १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं की सरकारी योजनांमधला तांदूळ यापुढे पोषक करून देणार. पद्धत अशी. आधी तांदूळ गिरणीत घालून त्याची साल काढायची. मग तांदळाचं पीठ करायचं. त्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळायचं. ते पीठ यंत्रातून दाबून त्याचे पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे पाडायचे. आणि दर शंभर साध्या दाण्यांत असा एक दाणा मिसळायचा. एवढं सगळं झाल्यावर तो तांदूळ रेशन दुकानातून एखाद्या बाईच्या सुपात येतो. ती सुपातला तांदूळ पुढे-मागे पाखडते, निवडते. शंभरातला तो एक दाणा तिला वेगळा दिसतो: किंचित फिकट, पाण्यात टाकला तर कधी तरंगणारा. 'प्लास्टिकचा तांदूळ आलाय' ही बातमी तिने व्हॉट्सॲपवर ऐकलेलीच असते. ती तो दाणा नखाने बाजूला सारते. असे मूठभर झाले की कोंबड्यांना टाकते.

जावाच्या कोंबड्यांनी सुरू केलेलं काम इथल्या कोंबड्यांनी असं तडीस नेलं. यंत्र, प्रयोगशाळा, निविदा, वाहतूक, आणि शेवटी बाईची तीक्ष्ण नजर. इतक्या टप्प्यांवर एकही टप्पा न चुकवता योजना राबवली जाते, याचं मला तरी कौतुकच वाटतं.

घरच्या स्वयंपाकघरातही आपण कमी पडत नाही. तांदूळ पाणी नितळ येईपर्यंत चार वेळा धुवायचा, म्हणजे गिरणीतून नजरचुकीने सुटलेलं बी-१ मोरीत जातं. मटकीला मोड आणायचे, मोड येताना तिच्यात सी जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते झालं की उसळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा घालायचा. सोड्यात बी-१ आणि सी दोन्ही टिकत नाहीत. पालेभाजी आधी बारीक चिरायची आणि मग तीनदा धुवायची, उलट कधी करायचं नाही. मुळ्याचा पाला भाजीवालीच्याच हातून तिथल्या तिथे खुडून टाकून द्यायला लावायचा. 'पाला नको, नुसता मुळा द्या' हे वाक्य म्हणता येणं ही शहरी असल्याची पहिली परीक्षा आहे.

शेवग्याची कथा याहून रम्य. कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात, घरोघरी, वर्षातून एकदा तरी. अ जीवनसत्त्व ज्याच्यापासून बनतं ते बीटा-कॅरोटीन या पाल्यात भरपूर. पावसात झाडाच्या फांद्या मोडून रस्त्यावर पडतात, आणि महापालिकेचा ट्रक त्या उचलून नेतो. इकडे त्याच रस्त्यावरच्या दुकानात 'मोरिंगा पावडर' नावाची हिरवी डबी मिळते, तिच्यावर परदेशी बाईचा फोटो असतो, आणि ती घ्यायला आपण ट्रकला वाट देऊन, गाडी कडेला लावून उतरतो. शेवग्याने नाव बदललं तेव्हा कुठे त्याला घरात यायची परवानगी मिळाली.

पण या सगळ्यांवर कडी केली ती ड जीवनसत्त्वाने. हे एकच असं की जे खाण्यातून फारसं येत नाही. ते कातडीवर ऊन पडलं की कातडीतच तयार होतं. उन्हाचा खर्च शून्य, पुरवठा अमर्याद. महाराष्ट्रात तर इतका की एप्रिल-मेमध्ये तो नको म्हणायची वेळ येते. अशा प्रांतात ड जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण करून दाखवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पुणेकरांनी ते करून दाखवलं.

कुठल्याही सकाळी कर्वे रस्त्यावर उभं राहावं. दुचाकीवरून जाणारी कन्यका पाहावी. डोक्याला, कपाळाला, नाकाला, गळ्याला वेढून मागे गाठ मारलेला स्कार्फ. डोळ्यांवर काळा गॉगल. अंगात फुल बाह्यांचा सनकोट, आणि बाही जिथे संपते तिथून बोटांपर्यंत हातमोजे. या पेहरावातून जो काही सूर्यकिरण आत शिरेल त्याच्यासाठी खाली सनस्क्रीनचा थर आहेच. सिग्नलला बाप शेजारी येऊन उभा राहिला तरी तो तिला ओळखत नाही, तिथे सूर्याची काय कथा? काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने पाडली त्याने असा बंदोबस्तातला कळसा पाहिला नसावा.

बरं, उन्हात जाणारे लोक नाहीत असं नाही. ज्येष्ठ मंडळी रोज 'कोवळं ऊन' घ्यायला बागेत जातात, सकाळी साडेसहाला, कानटोपी आणि स्वेटर घालून. ड जीवनसत्त्व घडवणारे अतिनील-बी किरण त्या वेळी जमिनीपर्यंत जवळपास पोचतच नाहीत. ते अकरा ते तीनच्या सुमाराला येतात, आणि नेमकं तेव्हा ही मंडळी जेवून पडदे ओढून वामकुक्षी करत असतात. काहीजण बाल्कनीला सरकत्या काचा बसवून घेतात आणि त्या बंद करून उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचतात. हे किरण काचेतून आत येत नाहीत. ऊब मिळते, रंग रापतो, खुर्चीचं कापड विटतं. ड तेवढं बाहेर राहतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यावर पुस्तक लिहिलं. आज तेच नमस्कार आम्ही वातानुकूलित हॉलमध्ये घालतो, समोरच्या भिंतीवर सूर्याचं चित्र असतं, आणि नमस्कार त्यालाच पोचतात.

मग गुडघे दुखतात. मग रक्ताची तपासणी. 'व्हिटॅमिन डी फक्त अकरा आलं' हा आकडा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाच्या टक्केवारीसारखा सांगितला जातो, फरक इतकाच की इथे ज्याचा कमी त्याचा मान मोठा. 'माझं तर सात होतं' असं कुणी म्हटलं की बाकीचे गप्प बसतात. त्यानंतर पाकीट येतं, साठ हजार युनिटचं, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायचं. भारतीय माणसाची रोजची गरज सहाशे युनिट धरली आहे. म्हणजे एका पाकिटात शंभर दिवसांचा हिशेब. काही उत्साही मंडळी 'आठवड्यातून एकदा' हे शब्द नजरेआड करून ते रोज घेतात, मग रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो आणि इस्पितळात भरती व्हावं लागतं. ड हे चरबीत साठणारं जीवनसत्त्व आहे. शरीर ते सहजासहजी बाहेर टाकत नाही. अति तेथे माती ही म्हण आमच्या केमिस्टकाकांना पाठ आहे, पण गिऱ्हाईक समोर असताना ती आठवायची सवय नाही.

पाकिटातली ती पावडर येते कुठून, हेही जाणून घ्यायला हवं, कारण त्याशिवाय या व्यवस्थेचं सौंदर्य पुरतं कळणार नाही. मेंढीच्या लोकरीला एक चिकट चरबी असते, लॅनोलिन. कारखान्यात ती लोकरीतून धुऊन काढतात, तिच्यातून एक पदार्थ वेगळा करतात आणि त्यावर अतिनील दिव्यांचा प्रकाश पाडतात. जे आपल्या कातडीत उन्हात फुकट झालं असतं ते मेंढीच्या चरबीवर, विजेच्या दिव्याखाली, पैसे भरून होतं. किरण तेच, रसायन तेच, फक्त आपल्या जागी मेंढी. ऊन कुणाला लागावं, हे आपण ठरवलं.

बी-१२ च्या बाबतीत मला शाकाहारी बंधुभगिनींचं कौतुक करायचं आहे. हे जीवनसत्त्व कुठलीही वनस्पती बनवत नाही, कुठलाही प्राणीही नाही. ते फक्त सूक्ष्मजंतू बनवतात, आणि प्राण्यांच्या मांसात, अंड्यात, दुधात ते तिथून येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांत बी-१२ कमी आढळलं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण खेड्यापेक्षा जास्त निघालं. खेड्यात दूध डेअरीत जातं आणि शहरात पिशवीतून येतं, तरी निकाल असा. मध्यमवर्गाला बाजारात सगळं परवडतं, त्यामुळे त्याला नसलेली गोष्टही परवडते.

यावर उपाय म्हणून अंड्याचं नाव काढलं तर घरात सुतक पडल्यासारखं होतं. तेव्हा कॅप्सूल. कॅप्सूलचं ते मऊ, गुळगुळीत, चकचकीत टरफल बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढतात. पण ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं, पाण्याबरोबर गिळलेलं असतं आणि चघळलेलं नसतं. या तीन कारणांमुळे धर्म शाबूत राहतो. शिवाय जोडीला आम्लपित्ताची गोळी असते. ती वर्षानुवर्षं घेतली की पोटातलं आम्ल कमी होतं, आणि ते आम्ल नसेल तर अन्नातलं बी-१२ सुटून येत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिनही त्याचं शोषण घटवते. म्हणजे एक गोळी बी-१२ अडवते, दुसरीही अडवते, आणि तिसरी ते भरून काढते. तिघींनाही रोजगार मिळतो. कुणाचं पोट दुखत असेल तर त्याने चौथी मागावी.

सी जीवनसत्त्वाला गुरू मिळाला तो मात्र कुणाला मिळाला नाही. लायनस पॉलिंग. रसायनशास्त्राचं नोबेल १९५४ मध्ये, शांततेचं १९६२ मध्ये. दोन नोबेल, आणि दोन्ही कुणाशी न वाटलेली, असा हा एकच माणूस. १९७० साली त्यांनी सर्दीवर सी जीवनसत्त्वाचा उतारा सांगणारं पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेतली औषधांची दुकानं रिकामी झाली. पुढे ते स्वतः दिवसाला अठरा ग्रॅमपर्यंत घेत. आपल्याकडे रोजची गरज ८० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे दोनशे पटींहून अधिक. कॅन्सरवरही ते चालतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये दोनदा तपासलं, दोन्हीदा काही उपयोग दिसला नाही. पॉलिंग १९९४ साली ९३ व्या वर्षी कॅन्सरने वारले. त्यांचे भक्त त्यातला ९३ हा आकडा तेवढा सांगतात.

आणि सर्दीचं म्हणाल, तर नंतरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा असं निघालं की रोज गोळी घेणाऱ्या सामान्य माणसाला सर्दी तेवढ्याच वेळा होते. झाली की मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के लवकर बरी होते. औषध घेतलं तर सात दिवसांत आणि नाही घेतलं तर आठवड्यात, असा सर्दीचा जुना हिशेब होता. वर्षभर रोज गोळी घेण्याच्या तपश्चर्येने तो साडेसहा दिवसांवर आला. २०२० साली, कोविडच्या साथीत, केमिस्टच्या काउंटरपुढे आखलेल्या चौकोनांत उभं राहून आपण ती संत्र्याच्या चवीची लिम्सी मागत होतो आणि 'शिल्लक नाही' ऐकून हळहळत परत येत होतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीने दाखवलं की घरी उपचार घेणाऱ्या कोविडच्या रुग्णांना सी, झिंक किंवा दोन्ही दिल्याने लक्षणं लवकर गेली नाहीत. तोवर पट्ट्या संपल्या होत्या. त्या काळात पेरूवाला गल्लीतून हातगाडी ढकलत ओरडत गेला असेल तर आपल्या लक्षात नाही. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास सी असतं, आणि तो वर तिखटमीठ लावून देतो, पण त्याच्याकडे आखलेले चौकोन नव्हते.

फिनलंडमध्ये एकदा असं झालं. सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांना काही वर्षं गोळ्या दिल्या. काहींना बीटा-कॅरोटीन, काहींना ई, काहींना दोन्ही, काहींना नुसती साखरगोळी. गाजर आणि भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, हे माहीत होतं. म्हणून गाजरातलं बीटा-कॅरोटीन काढून गोळीत घातलं की काम झालं, असं साधं गणित. १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेत अशीच दुसरी चाचणी चालू होती, ती १९९६ मध्ये मुदतीच्या २१ महिने आधी बंद करावी लागली, कारण तिथेही तेच दिसू लागलं. मी याकडे गाजराचा विजय म्हणून पाहत नाही. गाजराला आपल्याबद्दल काय सिद्ध करायचंय?

बी गटातली आणि सी ही पाण्यात विरघळणारी. गरजेपुरती शरीर ठेवतं, बाकीची मूत्रपिंडं काही तासांत बाहेर काढतात. बी कॉम्प्लेक्सची कॅप्सूल घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ती त्यातल्या रायबोफ्लेविनमुळे. पैसे कुठे गेले हे दाखवणारी इतकी स्वच्छ पावती दुसऱ्या कुठल्याही खरेदीत मिळत नाही. आणि ते वाया जातं असं कुणी म्हणू नये. पुण्यातलं ते मुठेत जातं, मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत, पार पंढरपुरापर्यंत. मध्यमवर्ग नदीसाठी काही करत नाही, हा आरोप निदान बी-२ च्या बाबतीत खोटा आहे.

या सगळ्या पूजेची मूर्ती म्हणजे अमेरिकेहून आलेली बरणी. मुलगा किंवा सून ती बॅगेत तळाशी, टॉवेलमध्ये गुंडाळून आणतात: तीनशे गोळ्या, 'पन्नाशीपुढील पुरुषांसाठी'. ती फ्रिजवर ठेवतात, लेबल दाराकडे करून, म्हणजे आल्यागेल्याला दिसावं. दोन महिने ती नेमाने घेतली जाते. मग एक दिवस राहते, मग आठवडा, मग ती फक्त पाहुण्यांना दाखवली जाते. एका मावशींकडे मुदत संपून गेलेली बरणी होती. त्या म्हणाल्या, 'अमेरिकेची मुदत इथे नसते गं.' गोळ्या संपल्या की, किंवा कंटाळा आला की, रिकाम्या बरणीत मेथीदाणे जातात. त्या मेथीत लोह आहे, तंतू आहेत, आणि ती रोज फोडणीत पडते. बरणीचा खरा उपयोग तेव्हा सुरू होतो.

अशा या संपन्न व्यवहारात एकच गोष्ट बसत नाही, आणि ती मुंबईतून निघाली हे आणखी गैरसोयीचं. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरणगावातल्या गरोदर बायका रक्तक्षयाने मरत होत्या. हा नेहमीचा लोहाचा रक्तक्षय नव्हता, यात तांबड्या पेशी अवास्तव मोठ्या होत. विल्सबाईंनी माकडांवर आणि उंदरांवर प्रयोग केले, बायकांचं जेवण तपासलं, आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं की यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो. मार्माइट नावाचा तो अर्क बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून करतात. म्हणजे पुन्हा टाकाऊतलंच काही. दहा वर्षांनी तो घटक पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला: फॉलिक ॲसिड. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत दिसलं की आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष होता अशा आयांनी दिवस राहण्याआधीपासून हे घेतलं, तर पुढच्या बाळाला तो दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं.

आज फॉलिक ॲसिडची गोळी आशाताई गरोदर बाईच्या हातात आणून देतात. लाल रंगाची, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. तिने मळमळतं, शौचाला काळं होतं, तोंडाला लोखंडाची चव येते. पट्ट्या फडताळात, देवाच्या फोटोमागे पडून राहतात. ती घ्यायला सुनेला कुणी आठवण करत नाही, कारण तिच्या सासूची ड ची पाळी त्याच दिवशी असते. ही गोळी फुकट मिळते, तिला संत्र्याची चव नाही, आणि ती खरोखर उपयोगी पडते. एका गोळीत एवढे दोष असल्यावर तिची शिफारस आम्ही कोणत्या तोंडाने करावी?